बाइंडरमामा आणि पाण्यातली बाग

सदर इसम, वय सत्तरीच्या पुढे. उंची मध्यम, त्यातली थोडी कटिंग मशीनवर वाकून वाकून कायमची खर्ची पडलेली. बांधा सडपातळ. चष्मा जाड भिंगांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि तोही असा सफाईने की कंपनीनेच काडी तशी दिली असावी असं वाटावं. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीच्या पेरावर दोरा ओढून ओढून पडलेला चर. शिक्षण : सर्व आयुष्य छापील कागदाच्या सहवासात, त्यावरचा मजकूर वाचण्याचा प्रसंग क्वचित. वर्तणूक चांगली. घरातील मताचे वजन : दुय्यम. व्यवसाय : पूर्वी बुकबाइंडर, सध्या काही नाही. वरील वर्णनाचा इसम नात्याने माझा मामा लागतो.

मामांचं दुकान एका अरुंद गल्लीत, छापखान्याच्या पाठीला पाठ लावून होतं. सुट्टीत आम्ही भाचरं तिथे पडीक असायचो. आत शिरलं की आधी खळीचा आंबूस वास यायचा, मग कापडाच्या ठाणांचा, मग जुन्या कागदाचा. मध्यभागी लोखंडी प्रेस होता. त्याचं चाक कोणी फिरवायचं यावरून आमच्यात झालेल्या मारामाऱ्यांचे व्रण दोघातिघांच्या कपाळावर अजून दिसतात. कोपऱ्यात लायब्ररीतून आलेली जखमी पुस्तकं रचलेली असत. कणा मोडलेली, पाठ सोललेली, मधलं पोट बाहेर आलेली. ती आठवडाभर मुक्काम करत आणि परत जाताना ताठ मानेने जात.

मामा शिवायला बसले की बोलत नसत. सुई आत, सुई बाहेर, दोऱ्याला एक हलका हिसका. तो हिसका त्यांना वस्तादांनी शिकवला होता. वस्ताद म्हणजे दुकानाचे मूळ मालक. मामा त्यांच्याकडे पोरवयात कामाला लागले आणि वस्तादांच्या मागे दुकानच मामांकडे आलं. वस्तादांना मी पाहिलेलं नाही, पण त्यांची वाक्यं मी पाठ म्हणू शकतो, कारण मामा ती दिवसातून एकदा तरी म्हणत. "वाचणारा फाडतो, आपण शिवतो. आता सांग, पुस्तक कोणाचं?" याचं उत्तर आम्ही एकसुरात "आपलं!" असं द्यायचो आणि मग लिमलेटची गोळी मिळायची. साहित्याविषयीची माझी मतं बरीचशी त्या गोळीवर पोसली गेली आहेत.

पुढे लायब्रऱ्यांनी पुस्तकं शिवून घेणं थांबवलं. वकिलांचे जाडजूड खंड संगणकात गेले. शेवटची काही वर्षं मामांनी विद्यार्थ्यांच्या अहवालांना प्लास्टिकच्या स्प्रिंगा लावल्या. ते काम करताना त्यांचा चेहरा, दुसऱ्याचं उष्टं ताट उचलावं लागलेल्या माणसासारखा असे. मग दुकान बंद झालं, आणि मामांचे हात घरी आले.

मामा स्वतः निवृत्त व्हायला तयार होते. हात नव्हते. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या चादरींच्या घड्या नव्याने घातल्या. दुसऱ्यात वर्तमानपत्रांची रद्दी महिनावार लावून शिवून काढली, वर पुठ्ठा, पाठीला कापड. रद्दीवाला ते गठ्ठे हातात घेऊन दारात उभाच राहिला.

"काका, हे विकायचंय की माझ्याकडे जपायला द्यायचंय?"

"रद्दी शिवणारा माणूस माझ्या नशिबी आला," मामी आतून म्हणाल्या. "उद्या मला शिवतील."

मामींचा प्रश्न वेगळा होता. त्यांची गच्चीवर बाग होती, आणि डॉक्टरांनी गुडघ्यांकडे बघून जिने बंद केले होते. मामी हार मानणाऱ्यांतल्या नाहीत. गच्चीवर जाता येत नसेल तर बागेने खाली यावं, असं त्यांनी ठरवलं. खाली जागा नव्हती, माती चालणार नव्हती, म्हणून बाग पाण्यात घातली. दुकानातून घरी आणलेल्या मामांच्या कामाच्या टेबलावर एक दिवस काचेची लांबरुंद टाकी येऊन बसली. तिच्यात काळी वाळू, बुटकं गवत, रुंद पानांची झुडपं आणि वर बागेतल्यासारखा दिवा. मग सुईएवढे निळे-लाल मासे आले, दोन-तीन जातींच्या गोगलगायी आल्या, आणि सगळ्यांत शेवटी नखाएवढ्या लालबुंद कोळंब्या.

कोळंब्या बघून मामांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"जी वस्तू खायची असते, तिला आपण बसून खायला घालायचं?"

"तुम्हाला घालतेच की इतकी वर्षं. तुमचा तरी काय उपयोग झाला?"

मामांचा विरोध पंधरवडाभर टिकला. मग मामी खुर्चीत बसून सांगू लागल्या आणि मामा उभं राहून करू लागले. पुठ्ठ्यावर घडी बसवायची हाडाची पट्टी काचेवरचं शेवाळं खरवडायला लागली. कागदाचे कपटे उचलायचा लांब चिमटा गवत लावायला आला. मामांनी ते गवत काडी काडी करून, पुस्तकाचे टाके घालावेत तशा समान अंतरावर लावलं. मामी म्हणाल्या, "अहो, बाग आहे ही, वही नाही. जरा वेडंवाकडं लावा." ते त्यांना जमलं नाही. अजून त्या टाकीतलं गवत ओळीत उगवतं.

मी अधूनमधून जायचो. दार उघडलं की टाकीचा हिरवा उजेड भिंतीवर हललेला दिसायचा आणि दोघांचं बोलणं ऐकू यायचं. "डावीकडे... अहो, माझ्या डावीकडे!" मामांचे हात कोपरापर्यंत पाण्यात आणि चेहऱ्यावर दुकानातली ती शांतता. ती मी फार वर्षांनी बघत होतो. कोळंब्या त्यांच्या बोटांवर चढून बसत, पेरावरच्या त्या चरात काहीतरी शोधत. मामा हात तसाच धरून ठेवत. "ह्यांना वाटतं, मी लाकूड आहे," असं म्हणत आणि खूश होत.

मग दुकानाच्या घरमालकाला माळा रिकामा करून हवा झाला. तिथे वस्तादांच्या वेळचं एक खोकं राहिलं होतं. ते घरी आलं आणि टेबलाखाली जाऊन बसलं. मामांनी त्यातून दोऱ्याची एक रीळ तेवढी वर काढली, आणि दिवसभर ती हातात घेऊन बसले. दोरा जाड, खरखरीत, रंगाने किंचित हिरवट. नाकाशी धरून त्यांनी मलाही हुंगायला लावला. मला धूळ आली. त्यांना काय आलं ते त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

त्याच सुमाराला मामींनी टाकीसाठी एक वेडंवाकडं लाकूड आणवलं होतं. त्यावर पाण्यातलं मखमली शेवाळ बांधायचं होतं. हळूहळू ते लाकूड धरतं आणि लाकडाचं झाड दिसायला लागतं.

"साधा शिवणाचा दोरा घ्या की माझ्या डब्यातला."

"तो महिनाभरात कुजेल. हा वस्तादांचा दोरा आहे. हा जन्मात कुजायचा नाही."

मामांनी ते लाकूड असं बांधलं की पुस्तक असतं तर संदर्भ विभागात ठेवलं असतं. टाक्यावर टाका, प्रत्येक वेढ्याला हलका हिसका. मामींनीही मान डोलावली. हिरव्यात हिरवा दोरा, दिसतसुद्धा नव्हता.

आठवड्याभरात गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी पडू लागल्या. घरातल्यांना वाटलं, म्हाताऱ्या झाल्या असतील. मग कोळंब्या. रोज सकाळी गवतात दोन-तीन फिकट गुलाबी होऊन आडव्या. जिवंत होत्या त्याही गोल गोल वेड्यासारख्या पोहत आणि मग थांबत. नंतर एक मासा पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेऊ लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो तरंगत होता. झाडं मात्र पूर्वीसारखीच हिरवीगार उभी होती. ते बघायला जास्त वाईट वाटायचं.

घरात आरोप सुरू झाले. मामांचं म्हणणं, मामी खाणं जास्त घालतात, ते सडतं. मामींचं म्हणणं, मामा साबणाचे हात तसेच पाण्यात घालतात. दोघांनीही एकमेकांवर पाळत ठेवली आणि दोघंही निर्दोष निघाले. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन हौसेने वर आला. त्याने टाकीच्या पाण्यात टेस्टर धरला आणि करंट उतरतोय का ते बघितलं. उतरत नव्हता. त्याला ते पटलं नाही. त्याने प्लग बदलला, वायर बदलली आणि जाताना टाकीकडे संशयाने बघून गेला.

टाकीचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने पाणी तपासलं. छोट्या बाटलीत थेंब टाकले, रंग जुळवला.

"पाणी एकदम चांगलं आहे, काका."

"मग मेले कशाने?"

"तेच म्हणतोय. चांगल्या पाण्यात मेलेत."

हा निष्कर्ष घेऊन मामा घरी आले आणि त्यांनी स्वतःच्या पद्धतीने कामाला सुरुवात केली. निम्मं पाणी काढलं, ताजं घातलं. दगड घासले. लाकूड बाहेर काढून त्यावरची घाण ब्रशने काढली. ते करताना दोरा सैल झाला, म्हणून जुना कापून वस्तादांचाच नवा बांधला, पहिल्यापेक्षा घट्ट. एक-दोन दिवस मासे तरतरीत दिसले. मामा मला फोनवर म्हणाले, "जमलं रे." मग पुन्हा मरायला लागले. मामांनी पुन्हा पाणी बदललं, पुन्हा लाकूड घासलं, पुन्हा दोरा बांधला. जितकी जास्त काळजी, तितके जास्त मृत्यू. एवढा सरळ हिशेब आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला नाही, कारण काळजी घेणाऱ्या माणसाकडे संशयाने कोण बघतो?

एका संध्याकाळी गेलो तर मामी टाकीकडे पाठ करून बसल्या होत्या. खुर्ची फिरवून घेतली होती.

"आता बास," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी उठून मढी मोजायची हौस नाही मला. हे उरलेसुरले गेले की टाकी त्या दुकानदाराला देऊन टाका. टेबल मोकळं होईल."

मी निघालो तेव्हा मामा मला सोडायला जिन्यापर्यंत आले. एरवी कधी येत नाहीत.

"तू सांगून बघ ना तिला."

"काय सांगू?"

"राहू दे म्हणावं टाकी. रिकामी राहिली तरी चालेल. नुसती झाडं ठेवू." मग हात पायजम्याला पुसत, "टेबल मोकळं होऊन मी काय करू त्याचं?"

हात कोरडेच होते. तरी ते पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मीच मामांना घेऊन पुन्हा मासेवाल्याकडे गेलो. बरोबर बाटलीत पाणी, आणि माझ्या फोनवर मामी, स्पीकर चालू. दुकानदाराने फळीवरून एक औषधाची बाटली काढली. "हे घालून बघा, माशांना लागू पडतं. फक्त कोळंबी असेल तर नको. यात तांबं असतं."

"तांबं असलं तर काय होतं?" फोनमधून मामी.

"कोळंबी टिकत नाही, काकू. आधी गोगलगाय जाते, मग कोळंबी, मग जास्त झालं तर मासे."



"आमच्याकडे त्याच क्रमाने गेले," मामी म्हणाल्या. "तांब्याची तपासणी आहे का तुमच्याकडे?"

होती. पण ती कोणी मागत नाही म्हणून तो करत नव्हता. त्याने थेंब टाकले. पाण्याला रंग चढला, आणि चढतच राहिला. दुकानदाराने बाटली उजेडाला धरून हलकीशी शीळ घातली.

मग घरात तांब्याचा शोध सुरू झाला. नळ प्लास्टिकचा, पाइप प्लास्टिकचा, बादली प्लास्टिकची. मामांनी बोटातली अंगठी काढून तपासली, चांदीची. मामींनी माझे खिसे रिकामे करायला लावले आणि टाकीत नाणं टाकून मागणं मागितलंस का, असं विचारलं. इलेक्ट्रिशियन आनंदाने परत आला, कारण वायरीत तांबं असतं. पण त्याच्या वायरी शाबूत निघाल्या आणि तो दुसऱ्यांदा खट्टू होऊन गेला.

शेवटी टेबलाखालचं खोकं राहिलं. जुन्या खंडांच्या कोपऱ्यांना लावायच्या पितळी टोप्या त्यात असतील, एखादी घरंगळून टाकीत पडली असेल, असा मामांचा कयास. त्यांनी खोकं मामींच्या पुढ्यात ओतलं. आतल्या सगळ्याला कसर लागली होती. कापडाची चाळणी झाली होती, लेबलांची जाळी, पुठ्ठ्याची भुकटी. वस्तादांनी हाताने काढलेले कव्हरांचे नमुने होते. त्यांतले काही मामांच्या बोटांतच विरले. मामा एकेक वस्तू उचलून बघत होते आणि टोप्यांचा शोध कधीच विसरले होते.

मामींनी ढिगातून दुसरी एक रीळ उचलली. दोरा कालच गुंडाळल्यासारखा, एक तंतूही उसवलेला नाही.

"सगळं खाल्लं मेल्यांनी. हाच कसा बरा राहिला?"

"राहणारच!" मामांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, वस्तादांची युक्ती ती. दोरा विकत आणला की आधी मोरचुदाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे. मग सावलीत वाळवायचे. खळीतसुद्धा मोरचूद. कसर काय, वाळवीची टाप नव्हती त्या पुस्तकाजवळ फिरकायची. लायब्ररीवाले म्हणायचे, तुमच्या दुकानाचं पुस्तक किडा लांबूनच—"

ते तिथे थांबले.

मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. मामींना ते मामांपेक्षा जास्त माहीत होतं. गच्चीवरच्या झाडांना बुरशी लागली की त्या तेच फवारत. दोघांनी एकाच वेळी टाकीतल्या लाकडाकडे बघितलं. त्याच्यावर नव्या दोऱ्याचे घट्ट, देखणे वेढे होते.



"वस्तादांनी मारले," मामा म्हणाले.

"वस्तादांनी पुस्तकं वाचवली. मासे तुम्ही मारलेत."

"हो." मामा खाली बसले, त्या भुकटीतच. "देऊन टाक टाकी. परवा म्हणत होतीस ना, देऊन टाक. माझा हात लागला की जातंय सगळं."

मला वाटलं, मामी आता काहीतरी हळुवार बोलतील. त्यांना लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत हे मी विसरलो होतो.

"बसून काय राहिलात? लाकूड काढा आधी बाहेर. पाणी निम्मं उपसा. आणि तू," हे मला, "तो दुकानदार तांबं शोषायचा कोळसा विकतो का विचार. पळ."

"अगं, पण—"

"अहो, माशांना तोंड वर काढून श्वास घ्यावा लागतोय. तुमचं नंतर बघू."

मी कोळसा घेऊन परत आलो तेव्हा लाकूड बादलीत होतं आणि मामा कोपरापर्यंत पाण्यात. खुर्ची पुन्हा टाकीकडे फिरलेली होती. मामींच्या मांडीवर त्यांचा शिवणाचा डबा उघडा होता आणि त्या साध्या पांढऱ्या दोऱ्याचं टोक शोधत होत्या.

"हा कुजेल," मामा तिकडे न बघता म्हणाले.

"कुजू दे. कुजला की पुन्हा बांधा. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

मामांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला, आणि मामींनी दोरा त्या ओल्या बोटात दिला.

पुढचे काही दिवस पाणी उपसण्यात गेले. लाकडात तांबं मुरलं होतं, म्हणून ते टाकून दुसरं आणलं. मासे काही वाचले, काही नाही. कोळंब्यांतली एकही उरली नाही. मामांनी जाहीर केलं की आता या घरात कोळंबी येणार नाही, आपल्या हातून पुन्हा ते पाप नको. पाणी पूर्ण निवळलं, तपासणीत रंग चढेनासा झाला, तेव्हा मामींनी मला फोन करून, मामा आंघोळीला गेलेले असताना, कोळंब्या मागवल्या. मामांनी त्या सोडलेल्या बघितल्या, आणि दिवसभर चष्मा पुसत टाकीसमोर उभे राहिले.

वस्तादांच्या दोन्ही रिळा मामांनी फेकल्या नाहीत. कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरात 'विषारी' लिहून कपाटात ठेवल्या आहेत. त्यांतल्या दोऱ्याने त्यांनी माझा फाटका शब्दकोश शिवून दिला. तो आता मला पुरून उरेल. त्याचा वास घेतला की मला अजून धूळच येते. पण हल्ली धुळीत थोडी खळही येते.

परवा दुपारी गेलो होतो. दोनदा बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला, आणि उघडलं ते मामींनी, गुडघ्यावर हात ठेवत, कुरकुरत. मामांचे हात ओले होते.